मिलिंद हे नाव कोणाचे?



आपल्या कोणत्याही वस्तीत जाऊन ‘मिलिंद’ अशी हाक मारा, दोन-तीन पोरे तरी वळून पाहतील. शाळेच्या हजेरीपटातही हे नाव हमखास सापडते. धम्मदीक्षेनंतर आपल्या आईबापांनी दगडू, धोंडू, कचरू ही नावे मागे टाकली आणि लेकरांना सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा अशी नावे ठेवली. ही सारी नावे तथागतांच्या घरातील, संघातील किंवा त्यांना भेटलेल्या माणसांची आहेत. मिलिंद मात्र तथागतांच्या काळचा नाही, मगधाचा नाही, शाक्यांचा नाही. ते एका ग्रीक राजाचे नाव आहे. कोशात मिलिंद म्हणजे भुंगा असाही अर्थ दिलेला असतो, पण आपल्या घरातला मिलिंद त्या भुंग्यावरून आलेला नाही.

ग्रीक लोक त्याला मिनँडर म्हणत. पाली भाषेत त्याचा मिलिंद झाला. सिकंदराची स्वारी आपल्याला शाळेपासून पाठ असते. तो इ. स. पूर्व ३२७ मध्ये आला, लढला आणि दोन वर्षांत परत फिरला. त्याच्यामागे बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागात, ग्रीकांची वस्ती आणि पुढे राज्ये राहिली. तेथून ते हिंदुकुश ओलांडून खाली आले. मिलिंद हा त्यांतला सर्वांत मोठा राजा. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याला तो राज्य करीत होता. राजधानी सागल. हे नगर म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट, असे अभ्यासक मानतात. त्याची नाणी पुष्कळ सापडली आहेत. एका बाजूस ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत तेच नाव प्राकृतात. म्हणजे राजा परका असला तरी प्रजेच्या भाषेत आपले नाव लिहीत होता. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र आहे. ते धम्मचक्र की राजचक्र, यावर विद्वानांत वाद आहे.

पण नाणी पाडणारे राजे कितीतरी होऊन गेले. आपण त्यांची नावे आपल्या मुलांना ठेवीत नाही. मिलिंदाचे नाव राहिले ते ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथामुळे. पञ्ह म्हणजे प्रश्न. ब्रह्मदेशात या ग्रंथाला तिपिटकात स्थान आहे.

ग्रंथात असे सांगितले आहे की, हा राजा वादात कोणालाही हार जात नसे. निरनिराळ्या मतांच्या आचार्यांना त्याने गप्प केले आणि शेवटी, सारा जंबुद्वीप रिकामा आहे, माझी शंका फेडणारा येथे कोणीच नाही, असे तो म्हणू लागला. आयुपाल नावाच्या थेरांनाही त्याने निरुत्तर केले. तेव्हा त्याला नागसेन भेटले. राजाबरोबर पाचशे यवन होते. त्यांतल्या दोघांची नावे ग्रंथात देवमंतिय आणि अनंतकाय अशी आली आहेत. ही डिमेट्रियस आणि अँटायोकस या ग्रीक नावांची पाली रूपे असावीत असे अभ्यासकांचे मत आहे. गावाकडे आपली आजी ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ करते ना, तसेच हे.

आता नागसेनांनी काय केले ते नीट पाहा. राजाने वाद घालू या म्हणताच त्यांनी आधी एक अट घातली. तुम्ही पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर मी बोलेन, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलणार नाही. राजाने दोन्हींतला फरक विचारला. पंडितांच्या वादात मुद्दा उलगडला जातो, खोडला जातो, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट ठरवून बोलतात आणि जो ती मानणार नाही त्याला दंड करतात. हा खुलासा ऐकून मिलिंदाने अट मान्य केली. सैन्य त्याच्याकडे, खजिना त्याच्याकडे, नागसेनांकडे चीवर आणि भिक्षापात्र. तरी त्याने ती मान्य केली. माझ्या मते त्याचे खरे मोठेपण येथे आहे.

तो प्रसिद्ध रथाचा दृष्टान्त ग्रंथात याच्या थोडा आधी येतो. नागसेन म्हणाले, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते केवळ नाव आहे, त्याच्या आत कोणी वेगळा पुरुष बसलेला नाही. राजाने हसून विचारले की, केस म्हणजे नागसेन काय? नखे, दात, हाडे म्हणजे नागसेन काय? नाही, तर मग नागसेन आहेत कोठे? नागसेनांनी उलट विचारले, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? रथाने आलो, असे उत्तर मिळाले. मग आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ? राजाला कबूल करावे लागले की, हे सारे भाग एकत्र जुळले म्हणजे आपण ‘रथ’ हे नाव वापरतो, त्यापलीकडे रथ नावाची निराळी वस्तू नाही.

एवढ्यावर आत्म्याचा सारा बाजार उठतो. आणि आपल्यासाठी यात आणखी काही आहे. नागसेनांनी रथ तपासला तसा तुम्ही एखादा माणूस तपासा. केसांत जात सापडते काय? हाडांत सापडते काय? रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रक्तगट सांगतात, जात सांगत नाहीत. ‘रथ’ म्हटल्यावर निदान बसून जाता तरी येते. जात या नावाखाली तर तेवढीही वस्तू नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा ग्रंथ किती जवळचा मानला होता ते या शहराला वेगळे सांगावयास नको. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून, घरात पाटीसुद्धा न पाहिलेली पोरे येथे पदवीधर झाली. त्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी नाव दिले मिलिंद आणि सभोवतालच्या परिसराला दिले नागसेनवन. या दोन नावांत माझ्यासारख्या शिक्षकाला सारे शिक्षणशास्त्र दिसते. विचारणारा राजा हा विद्यार्थी, आणि ज्या वनात तो शिकतो ते उत्तर देणाऱ्याचे. विद्यार्थ्याच्या अंगी पहिला गुण कोणता हवा, तर प्रश्न विचारण्याचा. पाठांतराचा नव्हे. नावाची किंमतही याच शहराने मोजली आहे. नागसेनवनाशेजारच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, आणि ते नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी पुन्हा मिलिंद-नागसेनांचीच कथा सांगितली. धर्माला ग्लानी का येते, असे मिलिंदाने विचारले होते. नागसेनांनी तीन कारणे सांगितली. एक, तो धर्मच कच्चा असतो, त्याच्या मूळ तत्त्वांत गांभीर्य नसते. दुसरे, धर्माचा प्रसार करणारे विद्वान लोक उरत नाहीत. तिसरे, धर्म आणि त्याचे तत्त्वज्ञान विद्वानांपुरते राहते आणि सामान्य माणसाच्या वाट्याला नुसती देवळे येतात. धम्म स्वीकारताना ही कारणे ध्यानात ठेवा, असे बाबासाहेबांनी त्या लाखो लोकांना बजावले. विहारात वंदना झाली की चपला घालून निघणाऱ्या आपण सर्वांनी तिसऱ्या कारणाचा जरा विचार करावा. वंदनेनंतर एक मूल उठून शंका विचारते आणि वडीलधारी माणसे त्याला ‘गप बस’ म्हणत नाहीत, असे किती विहारांत घडते?

हा झाला ग्रीकांकडून आलेल्या वारशाचा एक भाग. पण त्यांच्याकडून आपल्या देशात आलेली दुसरीही एक गोष्ट आहे. ती आपल्या घराघरांत शिरली आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

आधी ती आली कशी ते पाहू. राज्ये बुडाली तरी व्यापार चालू राहिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती वही प्रसिद्ध आहे. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे त्यात लिहिले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून कापड गाडीवाटेने भडोचला जाई, आणि रोमन जहाजांतून दारू, तांबे, कथील, पोवळे, सोन्या-चांदीची नाणी येत. म्हणजे आपल्या गोदाकाठच्या विणकराने विणलेले कापड दूर रोमच्या राज्यात अंगावर घातले जात होते! कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती निघाली. इटलीतल्या पाँपेईत, जे ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, तेथे १९३८ साली भारतीय हस्तिदंती पुतळी सापडली. तशाच घडणीचे हस्तिदंती काम तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाले आहे.

मालाबरोबर शब्दही आले. ‘दाम करी काम’ म्हणतो त्यातला दाम हा ग्रीकांचे द्राख्म नावाचे नाणे. त्याचे संस्कृतात द्रम्म झाले, पुढे दाम. दीनार हे रोमन नाणे. आणि पंचांगात ‘होरा’ वाचता, तो शब्दही ग्रीक. इंग्रजीत तासाला जो शब्द आहे तो त्याचाच भाऊ. पत्रिकेतले ‘केंद्र’ ग्रीक. मेष, वृषभ, मिथुन या बारा राशींची चौकट बाबिलोनची, आणि ती ग्रीकांच्या हातून आपल्याकडे आली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या बृहज्जातकात राशींना क्रिय, तावुरि, जितुम अशीही नावे दिली आहेत. ही क्रिओस, टाउरोस, डिडिमोइ या ग्रीक शब्दांची रूपे. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगले असल्यामुळे ते ऋषींसारखे पूज्य आहेत, असेही त्याने बृहत्संहितेत नमूद केले आहे. म्हणजे मुलीच्या लग्नासाठी जी पत्रिका वेदकाळापासूनची म्हणून तुमच्यापुढे मांडली जाते, तिचे मुख्य सामान परदेशी आहे.

वारांचेही तसेच. एक गणित देतो, मुलाला पाटीवर करू द्या. जुन्या ग्रीक समजुतीप्रमाणे सर्वांत दूरच्या ग्रहापासून क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, सोम. दिवसाचा एकेक तास एकेका ग्रहाचा मानायचा. पहिला तास ज्याचा, तो त्या दिवसाचा मालक. शनिवारचा पहिला तास शनीचा. आता चोवीस तास मोजत या. चोवीसला सातने भागले की बाकी तीन राहते, म्हणून पंचविसावा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास, शनीपासून तीन घरे पुढचा: गुरू, मंगळ, रवी. झाला रविवार. रवीपासून तीन घरे पुढे सोम. सोमापासून तीन घरे पुढे मंगळ. असे सातही वार बरोबर लागतात. या हिशोबात पृथ्वी मध्यभागी धरली आहे आणि सूर्य-चंद्रांनाही ग्रह मानले आहे, जे आज पाचवीतले पोरही चूक म्हणून सांगेल. वार मोजायला ही सोय चांगली, ती वापरावी. पण शनिवारी नवे काम नको, मंगळाची मुलगी नको, हे कोठून आले? मंगळ आहे म्हणून मुलगी नाकारणारी बौद्ध कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि कपाटात पत्रिका. ग्रहताऱ्यांवरून भविष्य आणि लग्नाचा मुहूर्त सांगून पोट भरणे ही हीन विद्या आहे, श्रमण गौतम त्यापासून दूर आहे, असे दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, आले आहे.

यवनांचे सारेच चांगले होते असे समजू नका. ज्या अथेन्सला लोकशाहीची जन्मभूमी म्हणतात तेथे गुलामांना आणि बायकांना मत नव्हते. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलसारखा पंडित लिहून गेला. आपल्याला हा सूर ओळखीचा वाटतो. प्रश्न विचारीत हिंडणाऱ्या सॉक्रेटिसाला त्याच अथेन्सने इ. स. पूर्व ३९९ मध्ये विष प्यायला लावले. राजांच्या रीतीचा वाद म्हणतात तो हाच, फक्त येथे राजाच्या जागी जमाव होता.

आणि तथागतांनी यवनांच्या गुलामगिरीचाही उपयोग कसा केला पाहा. मज्झिमनिकायात अस्सलायन सुत्त आहे. अस्सलायन हा तरुण ब्राह्मण चार वर्णांचे श्रेष्ठ-कनिष्ठत्व सिद्ध करावयास आला. तथागतांनी त्याला विचारले की, योन आणि कंबोज या सरहद्दीवरच्या देशांत दोनच वर्ग आहेत, मालक आणि दास, आणि तेथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय? त्याने ऐकले होते. मग चार वर्ण निसर्गाने केलेले कसे? निसर्गाचे असते तर सर्व देशांत सारखे असते. पावसासारखे, तापासारखे.

आता उलट बाजूने पाहू. यवनांना या देशात कोणी काय दिले? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन, शक, कंबोज, द्रविड, चीन अशी यादी आहे. हे मूळचे क्षत्रिय, पण संस्कार सोडल्यामुळे आणि ब्राह्मणांना विचारीनासे झाल्यामुळे शूद्रपणाला पोहोचले, असा निकाल तेथे दिला आहे. जो ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला त्यात केवळ आपलीच नाही, साऱ्या जगाची जागा ठरवून टाकलेली होती.

धम्मात मात्र यवनांना जागा मागावी लागली नाही. अशोकाने पाच ग्रीक राजांची नावे आपल्या तेराव्या शिलालेखात घेतली आणि कंदाहारला आपला धम्म ग्रीक भाषेत खोदविला. तो लेख १९५८ साली उजेडात आला. महावंसात असे आहे की, अशोकाच्या काळी आपल्या कोकणाकडे, अपरान्तात, धम्म सांगावयास जो थेर पाठविला तो योन धम्मरक्खित, म्हणजे जन्माने यवनच. गांधारात ज्या शिल्पींनी बुद्धांची मूर्ती घडविली त्यांनी चीवराच्या चुण्या आणि केसांच्या लाटा ग्रीक रीतीने कोरल्या. त्याआधी शिल्पात बुद्धांऐवजी बोधिवृक्ष, पाऊलखुणा, चक्र दाखवीत. साधारण त्याच सुमारास मथुरेतही मूर्ती होऊ लागल्या. तुमच्या घरातल्या मूर्तीच्या खांद्यावरचे वस्त्र पाहा, त्या दूरच्या हातांची आठवण अजून त्यात आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रातली लेणी! कार्ल्याला जाल तेव्हा चैत्यगृहात शिरून खांबांवरची अक्षरे पाहा. धेनुकाकट गावचा यवन सिहधय याने एक खांब दिला, धम्म नावाच्या यवनाने एक दिला, आणखीही यवनांनी दिले. यवन ही त्यांची ओळख लपविलेली नाही. तिच्यामुळे खांब वेगळा ठेवलेला नाही. इतर उपासकांच्या रांगेतच तो उभा आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. पाणी आणि जेवण, बंधूंनो! चवदार तळ्याचे पाणी आणि पंगतीतली वेगळी जागा ज्यांनी भोगली त्यांना या दोन दानांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर दोन लेख एकाच डोंगरावर आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, बलश्रीने, दान देताना मुलाची थोरवी सांगितली आहे. त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबविला, असे त्यात मोठ्या अभिमानाने म्हटले आहे. दान मात्र बौद्ध भिक्खूंनाच आहे. राजघराण्याचा हात संघाकडे आणि डोके वर्णाकडे, ही ओढाताण तेव्हाचीच आहे.

तेथून पुढे सतराव्या लेण्यापर्यंत चालत जा. ते इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरविले आहे. तो उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा. त्याने चैत्य आणि पाण्याचे टाके दिले. आईवडिलांच्या सन्मानासाठी आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी हे दान चारी दिशांच्या भिक्खुसंघाला आहे, असे लेखात कोरले आहे. बापाचे नाव दिले आहे धम्मदेव. मुलगाही दानात बरोबर आहे, त्याचे नाव धम्मरक्खित. लेख ओवरीच्या भिंतीवर आहे आणि बराचसा शाबूत आहे. मुलांना सोबत न्या आणि ती तीन नावे शोधावयास सांगा.